सांगलीचा पेपर कुणाचा

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी माण तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. दर शनिवारी टपालाने सांगलीचं एक साप्ताहिक यायचं आणि संध्याकाळी चावडीवर मी ते मोठ्याने वाचून दाखवायचो. त्यातल्या काही बातम्या मीच लिहिलेल्या असत. वर फक्त 'आमच्या माणच्या वार्ताहराकडून' एवढंच छापलेलं असे. सरकारी पगार घेणाऱ्या मास्तराने वर्तमानपत्रात लिहायला मनाई होती, म्हणून हे फक्त माझ्या बायकोला आणि त्या साप्ताहिकाच्या संपादकांना ठाऊक होतं.

संपादक एकदा आमच्या भागात आले होते. पायात झिजलेल्या वहाणा, खांद्यावर पिशवी. मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही निर्धास्त लिहा. तुमची पत्रं माझ्या खणात राहतील आणि खणाची किल्ली माझ्या जानव्याला." पुढे मी गावच्या विहिरीच्या ढासळलेल्या काठाबद्दल लिहिलं. ते छापून आलं आणि महिन्याभरात गवंडी आले. त्यानंतर माझा त्या माणसावर पुरता विश्वास बसला.

मग कागदाची टंचाई आली. साताऱ्याची, पुण्याची वर्तमानपत्रं चार पानांवर, काही दोन पानांवर आली. आमचं साप्ताहिक मात्र आठ पानांचं झालं, आणि कागदही पांढराशुभ्र. मला आनंद झाला. बायकोने अंक हातात घेऊन चाचपला आणि म्हणाली, "सगळ्यांना कागद मिळत नाही, मग यांनाच कुठून मिळतो?" मी म्हणालो, खप वाढला असेल. तिने अंक माझ्या हातात परत दिला.

त्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला आणि गावात रेशनचं धान्य सुरू झालं. एके दिवशी शाळा सुटायच्या वेळेला एक म्हातारी आली. विधवा होती, एकुलता मुलगा पलटणीत, ब्रह्मदेशाकडे कुठेतरी. मुलाची पत्रं मीच तिला वाचून दाखवायचो. तिने पदराची गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर मूठभर जोंधळा ओतला. त्यात निम्मे खडे होते आणि उरलेल्यात सोंडे वळवळत होते.

"ह्ये कोंबडी बी खाईना, मास्तर," ती म्हणाली. "तुमी कुटंतरी लिवा की."

मी रेशनच्या दुकानावर गेलो. पोत्यांची तोंडं जुन्या शिवणीच्या भोकांशेजारी नव्या सुतळीने शिवलेली होती. पोती आणणाऱ्या ट्रकवाल्याला बाजूला घेऊन विचारलं. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "गोदामात पोती उसवत्यात. चांगला माल तिकडंच ऱ्हातुया. आमी निस्तं वाहनारं, मास्तर." हा पुरवठा सांगलीकडच्या एका कंत्राटदाराकडे होता.

मी सविस्तर पत्र लिहिलं. खाली म्हातारीचा आणि आणखी सहा जणांचा अंगठा घेतला. म्हातारीने विचारलं, "ह्ये कुनाकडं जानार?" मी म्हणालो, "पेपरकडे. आणखी कुणाकडे नाही."

पुढच्या शनिवारी चावडीवर अंक उघडला. 'आमच्या माणच्या वार्ताहराकडून' दिसलं तसा मी भरभर वाचू लागलो. 'तालुक्यात धान्याचा पुरवठा समाधानकारक असून लोक कंत्राटदारांना धन्यवाद देत आहेत.' दुसरं वाक्य अर्ध्यावर सोडून मी वर पाहिलं. समोर वीस-पंचवीस माणसं बसली होती. म्हातारी खांबाला टेकून उभी होती.

"कुनी लिवलं ह्ये?" कुणीतरी विचारलं.

मी अंकाची घडी घातली आणि उठलो. त्या उठून जाण्याचा लोकांनी काय अर्थ लावायचा तो लावला.

चार दिवसांनी दुकानदाराने म्हातारीचं रेशनकार्ड 'तपासायला' म्हणून ठेवून घेतलं. उरलेल्या सहा जणांचीही गेली. त्यानंतर म्हातारी मुलाचं पत्र घेऊन माझ्याकडे आली नाही. एकदा वाटेत गाठ पडली तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "आंगठा म्या तुमाला दिला व्हता. त्यो दुकानदाराला कसा घावला?"

मी टपालवाल्याचा संशय धरला. शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांचाही धरला, ते बिचारे रोज माझ्या घरी चहा घेत. मग शाळा तपासायला साहेब आले. दिपोटी म्हणत त्यांना. पोरांचे पाढे ऐकून झाल्यावर त्यांनी दार लोटलं आणि खिशातून माझं पत्र काढलं. नक्कल नव्हे, तेच. कडेला निळ्या पेन्सिलीच्या खुणा केलेल्या.

"अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"सांगलीहून आलंय. कुणी पाठवलं ते मला विचारू नका. बदलीवर भागवतो."

मी रजा टाकून सांगलीला निघालो. पेट्रोल नसल्याने कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या मोटारीने कोरेगाव, चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायचं. तिथून मिरजेची गाडी. छापखान्यात नवं यंत्र धडधडत होतं. संपादक जुन्याच टेबलाशी बसले होते. त्यांनी मला बसा म्हटलं, पण वर पाहिलं नाही.

"माझं पत्र दिपोटींकडे कसं गेलं?"

"छापखाना विकला, मास्तर. दिवाळीआधी."

"कुणाला?"

त्यांनी धान्याच्या त्याच कंत्राटदाराचं नाव सांगितलं.

"पण अंकात तर कुठे आलं नाही हे. शेवटच्या पानावर तळाला तुमचंच नाव आहे."

"मुद्रक आणि प्रकाशक म्हणून आहे. मालकाचं छापावं लागत नाही, आणि मालक कोण असं आजवर एकाही वाचकाने विचारलेलं नाही. तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

मी विचारलं, "आणि तुमचा खण?"

"टेबल त्यांचं, म्हणजे खणही त्यांचाच." मग अगदी हळू म्हणाले, "मी दिलं नाही. शपथेवर सांगतो. टपाल आता आधी त्यांचा कारकून फोडतो."

खरं असेल. खोटंही असेल. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही, आणि आजही मी त्या बाबतीत ठाम नाही. कारकुनाने माझं पत्र फोडलं असेल, तर मला एका ओळीचं कार्ड टाकून सावध करायला त्यांना कुणी अडवलं होतं?

गावी परतल्यावर मी चावडीवर सगळं सांगितलं: वार्ताहर मीच, पत्र असं लिहिलं, ते असं फिरलं. लोक ऐकून घेत होते. शेवटी म्हातारी म्हणाली, "तुमीच लिवता ह्ये आमाला कवाचं ठावं व्हतं. म्हून तर ते खोटं बी तुमीच लिवलं आसं वाटलं. पन मास्तर, पेपर कुनाचा ह्ये न बघता आमचं आंगठं कसं धाडलं तुमी?"

दुसऱ्या दिवशी ती आणि दहा-बारा बाया धान्याची गाठोडी डोक्यावर घेऊन चालत दहिवडीला गेल्या. मामलेदाराच्या कचेरीत फरशीवर त्यांनी जोंधळा ओतला आणि तिथंच बसून राहिल्या. संध्याकाळी कार्डं परत द्यायचा हुकूम निघाला. पुढचे काही महिने पोती न उसवलेली आली. कंत्राटदाराचं काहीच वाकडं झालं नाही. आमच्या साप्ताहिकात यातली एक ओळही आली नाही.

माझी बदली पाटणकडे झाली. वर्षभराने तिथे संपादकांचं पत्र आलं. जुनं सोडून त्यांनी नवं साप्ताहिक काढलं होतं, आता सगळं आपल्या मनासारखं आहे, पूर्वीसारखं लिहीत जा, असा मजकूर होता. बायकोने ते दोनदा वाचलं. मी उलट टपाली एक कार्ड टाकलं. त्यावर एकच प्रश्न लिहिला, छापखाना कुणाचा आहे.

त्याचं उत्तर आलं नाही.