कोबीच्या पानांखाली

आमच्या गल्लीत ओलं खरकटं कचऱ्याच्या गाडीत कुणी टाकत नाही. गल्लीच्या टोकाला दूधवाल्या मावशींचा गोठा आहे. त्या सकाळी दारोदारच्या बादल्या नेतात आणि म्हशींना घालतात. त्यामुळे आपण अन्न वाया घालवतो असं मला कधी वाटलंच नाही. "वाया कुठं जातंय? संध्याकाळी दूध होऊन परत येतंय की," असं मी बायकोला हसत सांगायचो.

मुलगा पुण्याला, मुलगी सासरी. घरात दोघंच उरलो, तरी माझी पिशवी भरल्या घराचीच यायची. फ्रिज निम्मा रिकामा दिसला की मला भीती वाटायची. कसली, ते नीट सांगता येणार नाही.

बायको माहेरी चंदगडला गेली, तेव्हा बजावून गेली, "मी येईपर्यंत काही भरू नका." तेवढ्यात मुलाचा फोन आला, मित्रांना घेऊन येतो म्हणाला. मी मिसळीचा बेत केला. एकावर एक फुकट म्हणून ब्रेडचे पुडे घेतले, शिवाय मोठं पातेलं भरून भात केला. मुलगा आला नाही. मी एकटा किती खाणार? भात आंबला, ब्रेडवर हिरवे ठिपके आले. मग बायकोचा फोन आला, "उद्या दुपारच्या एसटीनं पोचते."

ती बोलेल या भीतीनं मी सगळं बादलीत घातलं. हातानं दाबून बसवलं. वर कोबीची पानं अंथरली.

सकाळी मावशी बादली घेऊन गेल्या. संध्याकाळी बायको आणि मी दुधाला गेलो, तर गोठ्यासमोर गर्दी. मोठी म्हैस मान लांब करून बसलेली. रवंथ बंद, पोट डाव्या अंगानं फुगलेलं. ती दात खात होती. तो करकर आवाज मला रस्त्यापर्यंत ऐकू आला आणि माझे पाय तिथंच थांबले.

जनावरांचे डॉक्टर पोटाला हात लावून म्हणाले, "खाल्लंय काय ते कळू दे. नुसता गॅस असला तर तेल पाजतो. धान्य-भात असला तर औषध येगळं."

मावशी एकेकाला विचारत माझ्यापुढं आल्या. "भाऊ, तुमच्या बादलीत काय हुतं वो?"

"कोबी," मी म्हणालो. "कोबीची पानं."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. डॉक्टरांनी तेलाची बाटली उघडली. म्हशीनं मान जमिनीवर टाकली. कसाबसा डॉक्टरांच्या मागं जाऊन मी कानात सांगितलं.

"मोठ्यानं बोला की राव!" डॉक्टर ओरडले. "ब्रेड? किती?"

"बादलीभर. भातपण."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "नुसताच ब्रेड? रस्सा इसरला व्हय?" दोघं-तिघं हसले. मावशी हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. एरवी अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारी बाई म्हशीची मान मांडीवर घेऊन बसली. डॉक्टरांनी तेल बाजूला ठेवलं, सोडा कालवायला सांगितला आणि म्हशीच्या घशात नळी घातली.

म्हैस जगली. त्या वेताचं दूध मात्र आटलं ते आटलंच.

मी माफी मागायला गेलो, तेव्हा मावशी वैरण टाकता टाकता म्हणाल्या, "जाऊ द्या. शिकल्याल्या माणसाला गोठ्यातलं काय ठावं?" गल्लीनंही तेच धरलं. बिचाऱ्याला माहीत नव्हतं. बायकोही तसंच समजते.

मला माहीत होतं. मागं एकदा आमच्याच फाटकाशी मावशींनी मला सांगितलं होतं, "भात-पाव लई घालू नगासा भाऊ, पोटात आंबतंय, जनावर मरतंय." त्या विसरल्या असतील. कोबी अंथरताना मला त्यांचा तो शब्द न् शब्द आठवत होता. म्हणून तर अंथरला.

आता मी बाजारात जायच्या आधी फ्रिज उघडून बघतो. मेथीची एक गड्डी, दोघांपुरती भाजी, ब्रेडचा लहान पुडा. दुकानदार म्हणतो, "घ्या की, दुसरा फुकट हाय," तेव्हा मला ते दात खाणं ऐकू येतं आणि मी पुडा परत ठेवतो. बादली दिवसेंदिवस हलकी होत चालली आहे.

मावशी अजून येतात. फक्त आता बादली उचलण्याआधी बांगड्या मागं सारून कोपरापर्यंत हात आत घालतात आणि तळापासून ढवळून बघतात. आत काकडीची सालं असतात, मेथीच्या काड्या असतात. मला ठाऊक असतं, मीच टाकलेल्या असतात. तरी त्यांचा हात बाहेर येईपर्यंत मी दारात श्वास रोखून उभा असतो.