दोन मुख्तार

ट्युनिसच्या एका इस्पितळात दलेंदा सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांचं रक्त तपासत आली होती. आजच्या नळीवर नाव होतं मुख्तार, वय वीस दिवस, आणि तो तिचा नातू होता.

बाहेर बाकावर सून रफीका त्याला शालीआड पाजत बसली होती. रफीका म्हणजे दलेंदाच्या सख्ख्या बहिणीची, हयातची मुलगी. सोयरीक दलेंदानेच जमवली, घरची पोर घरात राहील म्हणून. पहिलं लेकरू दहाव्या महिन्यात गेलं. जुलाब थांबेनात, छाती भरलेली. आजार दलेंदाच्याच यंत्राने सांगितला. पेशींच्या अंगावर एक खूण उमटावी लागते, तिच्यावाचून शरीराचे पहारेकरी शत्रू ओळखत नाहीत. खुणेची जनुकं शाबूत होती, पण त्यांना कामाला लावणारं प्रथिनच मोडकं होतं. "हंडी भरलेली आहे, चूल पेटवणारं कुणी नाही," असं तिने हयातला समजावलं. दोष आईबाप दोघांकडून आलेला. हयातने एवढंच विचारलं, "आणि सोयरीक कुणाची?"

दुसऱ्यालाही आजोबांचंच नाव ठेवायचं, हा हट्टही दलेंदाचाच. गेलेल्याचं नाव पुन्हा ठेवलं की घर रिकामं राहत नाही, असं तिच्या सासरी मानायचे.

रक्तात रंग मिसळून नळी अर्धा तास अंधारात ठेवायची असते. पंधरा मिनिटं झाली असतील, तोच शेजारच्या टेबलावरचा शाद्ली कागद घेऊन आला. तिथे सगळे तिला आदराने लल्ला म्हणत.

"लल्ला, वॉर्डवाल्यांनी संगणकातून रिपोर्ट काढला. खूण नाही. बाळाला वेगळ्या खोलीत न्या म्हणतात, पोलिओचे थेंबही नकोत, त्यात जिवंत विषाणू असतो."

"तपासलं कुणी?"

"सही तर तुमचीच आहे."

दलेंदाने कागद हातात घेतला. सही खरंच तिची होती. मग तिची नजर तारखेवर गेली. तीन वर्षांपूर्वीची. तेच नाव, तेच आईबाप.

"हा गेलेल्याचा आहे, शाद्ली. रफीकाला काही सांगू नका म्हणावं."

"सांगून झालं, लल्ला."

बाहेरून रडण्याचा आवाज येत नव्हता. त्याचीच तिला भीती वाटली. ती दाराकडे वळली, तेवढ्यात फोन वाजला.

"कळलं मला," हयात म्हणाली. "तिसऱ्यालाही हेच नाव ठेव हो."

"कागद जुना आहे. याचं रक्त अजून अंधारात आहे. पंधरा मिनिटं दे मला."

"तुझा भरवसा कुणी धरायचा?"

"माझा नको धरूस. यंत्राचा धर."

पण कागद चुकीचा म्हणजे बाळ निरोगी, असं थोडंच होतं? अशा आईबापांच्या चारातलं एक लेकरू आजारी निघतं, हा हिशेब तिला पाठ होता.

नळी यंत्राला लावली. खूण असलेल्या पेशीचा ठिपका वर उमटतो. पडद्यावर ठिपके पडू लागले, सगळे खाली. थोरल्याचे असेच तळाला चिकटून राहिले होते. एक ठिपका वर गेला. एकट्याचा काय भरवसा? मग चार, मग दाट पुंजका. तिने उरलेलं रक्त पुन्हा रंगवलं, पुन्हा अर्धा तास काढला, पुन्हा पाहिलं, आणि मगच दार उघडलं.

"खूण आहे. दोनदा पाहिलं मी."

रफीकाने मान वर केली नाही. बाळाच्या कपाळावरून बोट फिरवत म्हणाली, "मी याला सुहैल म्हणते, मावशी. तुमच्यासमोर नाही म्हणत."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

दलेंदा आत गेली. नव्या रिपोर्टवर मुख्तारच्या पुढे तिने सुहैल लिहिलं, खाली सही केली आणि तारीख जरा मोठ्या अक्षरात घातली.