सांभाळून घेणं

निजामपुऱ्यातल्या माझ्या कथकच्या वर्गात मुली हल्ली मोबाइलमधल्या ठेक्यावर रियाज करतात. तबलेवाले काका फक्त कार्यक्रमाला येतात.

दांडिया बाजारातल्या एका छोट्या कार्यक्रमात माझी सगळ्यांत गुणी मुलगी तुकडा नाचताना घाईत अर्धी मात्रा आधीच समेला पोचली. काकांनी ते हेरलं, ठेका अलगद अर्धी मात्रा आवरता घेतला आणि सम नेमकी तिच्या पायाखाली आणून ठेवली. टाळ्या पडल्या. आमच्यात याला सांभाळून घेणं म्हणतात. तीस वर्षं त्यांनी मलाही असंच सांभाळून घेतलंय.

विंगेत येताच ती सगळ्यांदेखत म्हणाली, "ताई, काका चुकले ने? मोबाइल तर कधीच चुकत नाही!"

माझं डोकंच सणकलं. चूक कुणाची होती ते मी तिला चांगलंच सुनावलं. तिला खरंच कळलं नव्हतं, आणि बाकीच्या मुलींनाही नाही. काका शेजारीच तबल्यावर गवसणी चढवत होते.

पुढच्या महिन्यात मी स्वतः नाचायला उभी राहिले. गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. एका चक्करीत माझा तोल गेला, मी लयीत मागे पडले आणि सवयीनं काकांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. सम आली तेव्हा माझा पाय अजून हवेत होता. ठेका तसाच पुढे निघून गेला.

विंगेत वर्गातल्या मुली बोटांवर मात्रा मोजत होत्या. आज काका अजिबात चुकले नव्हते.