बाबांसारखा घोट

तहान फार झाली म्हणून दुपारी वाटीत दोन घोट पाणी ओतून घेतलं. डायलिसिस सुरू झाल्यापासून पाणी मोजूनच प्यायचं. पहिला घोट घेतला आणि न गिळता, गाल फुगवून तसाच धरून बसले. समोर कपाटाचा आरसा होता. त्यात बाबा दिसले.

बाबाही अस्सेच बसायचे. मी हसायचे, आणि आई दटावायची, "हसतेस काय? तहान लागलीय त्यांना."

लहानपणी सगळे म्हणायचे, पोरगी आईवर गेली. नाक तिचं, रंग तिचा, फटकळ जीभही तिचीच. बाबा हिरमुसायचे. त्यांचा वाटा कुठे होता, ते चाळिशीत सोनोग्राफीने दाखवलं. दोन्ही मूत्रपिंडं पाण्याच्या फोडांनी भरलेली, हुबेहूब त्यांच्यासारखी. आत एवढं पाणी, आणि जीभ कोरडी! चिडायचं तरी कुणावर? त्यांनी थोडंच ठरवून दिलं होतं?

आता आईही नाही. आज पहिल्यांदा मी बाबांसारखी दिसले, आणि "बापावर गेलीस गं" म्हणायला घरात कुणी नव्हतं.

घोट गिळला की आरशात पुन्हा मी एकटीच उरणार होते. पाणी तोंडात कोमट झालं, तरी मी ते धरून ठेवलं.