डॉक्टरांचे पाच प्रश्न

आमच्या शाळेच्या रग्बी कोचला सगळे पारा म्हणतात. खेळायचा तेव्हा तो कुणाच्या हाती लागत नसे. त्याच्या रग्बीत एका बाजूला सातच जण, सात-सात मिनिटांचे दोन हाफ आणि मैदान मात्र पंधरा जणांच्या खेळाएवढं. पळून पळून जीव मेटाकुटीला येतो म्हणे. पारा असा नऊ वर्षं पळाला. आता पोट सुटलंय, शिट्टी तेवढी दमदार राहिली आहे.

डोक्याला मार बसला की खेळाडूला डॉक्टर पाच ठरलेले प्रश्न विचारतात. मैदान कुठलं, कितवा हाफ, शेवटचे गुण कुणाचे, मागची मॅच कुणाशी, जिंकलात का? पारा उत्तरं आधीच घोकून ठेवायचा. शेवटचे गुण कुणाचे, ते हात देऊन उठवणारा गडी कानात सांगायचा. पाच उत्तरं पोपटासारखी म्हणून स्वारी परत मैदानात. स्टाफरूममध्ये तो हे फुशारकीने सांगे. घरीही सांगे, आणि तेच नडलं.

त्याची पुतणी आमची कॅप्टन. राज्याच्या ज्युनिअर संघाची निवड शालेय स्पर्धेच्या फायनलवरून होणार होती. पहिल्याच हाफमध्ये कुणाचा तरी गुडघा तिच्या कानशिलावर बसला. डॉक्टरबाईंनी पाच प्रश्न विचारले. पाचही उत्तरं बरोबर, तीही न अडखळता.

"खेळू दे," बाई म्हणाल्या.

पारा पुढे झाला. "आज मैदानावर कशी आलीस?"

"बसने."

ती त्याच्याच स्कूटरवर मागे बसून आली होती.

"बाहेर बस."

"काका, माझी निवड आहे! तू तर असाच खेळायचास ना?"

त्याने दुसरी मुलगी आत पाठवली. आम्ही सडकून हरलो. यादीत पुतणीचं नाव आलं नाही. "भाऊजी, परक्यानंसुद्धा असं केलं नसतं," वहिनी म्हणाली आणि बोलायची बंद झाली. पुतणीनेही अबोला धरला.

महिन्याभराने ती बूट परत करायला स्टाफरूममध्ये आली. मी वह्या तपासत होतो. पाऱ्याने तिला थांबवलं आणि मोबाइलवर स्वतःच्या शेवटच्या फायनलचा व्हिडिओ लावला. 

"याही दिवशी पाचही उत्तरं बरोबर दिली होती मी," तो म्हणाला. "हे बघ, तुझे आजोबा मैदानात धावत आलेत. आयुष्यात एकदाच माझी मॅच बघायला आले. मला मिठी मारतायत."

तिने पाहिलं.

"ती मिठी मला आठवत नाही."