मस्तुरा ओपांची दुर्गुणांची खोकी

मस्तुरा ओपा तंदूरपाशी यायच्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर पिठाच्या गोळ्यांचं तबक असायचं आणि बाहीत एक आखूड पेन्सिल. आम्ही बायका पाळीपाळीनं नान लावायचो. नान फुगेपर्यंत तोंडं काही स्वस्थ बसत नाहीत. कुणाचा जावई ऐतखाऊ, कुणाची जाऊ तोंडावर गोड, कुणाचा दीर हातानं वाकडा, म्हणजे चोरटा. ओपा ऐकायच्या. मधेच बाहीतून पेन्सिल निघायची, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दोन ओळी खरडल्या जायच्या.

"काय लिहिता हो ओपा?" कुणी विचारायचं.

"तुमचं सोनं," त्या म्हणायच्या. "तुम्ही ते राखेत टाकता, म्हणून मी उचलते."

बायका हसायच्या. तेव्हा अजून हसायच्या.

आमचं मार्गिलान रेशमाचं गाव. आमच्या मोहल्ल्यात घरटी एकतरी माग होता. ओपांचे वडील मागावर विणायचे. ही मुलगी मात्र ताश्कंदला जाऊन इंग्रजी शिकून आली. कोकंदला तिचं लग्न झालं. दोन वर्षं टिकलं. सासूची जीभ करवतीसारखी, मूल नाही, नवरा आईच्या पदराआड. ओपा बापाच्या घरी परतल्या त्या एक सुटकेस आणि एक वही घेऊन. त्या वहीत सासूनं त्यांना दोन वर्षांत जे जे म्हटलं ते सगळं तारीखवार उतरवलेलं होतं.

"रडण्यापेक्षा बरं," त्यांनी मला एकदा सांगितलं. "लिहिलं की शिवी माझी राहायची नाही. ती भाषेची व्हायची."

मी सनोबर, त्यांच्याच शाळेत भूगोल शिकवायचे, आणि आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. त्या माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, म्हणून ओपा, म्हणजे ताई. त्या वहीतूनच त्यांच्या प्रबंधाचा विषय निघाला: माणसाचे वाईट गुण सांगणारे वाक्प्रचार, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला आपले उझबेक. ताश्कंदच्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं की पुस्तकातली उदाहरणं चालणार नाहीत, जिवंत बोलण्यातली हवीत. कोण बोललं, कुणाबद्दल, कुठे, केव्हा, सगळं नोंदवायचं. त्यामुळे हिरव्या चहाच्या रिकाम्या खोक्यांत कार्डं साठत गेली. कंजूष एका खोक्यात, लबाड दुसऱ्यात, गर्विष्ठ तिसऱ्यात, दुतोंडे चौथ्यात.

त्या विषयावर बोलायला लागल्या की त्यांचा चेहरा उजळायचा. "बघ सनोबर, इंग्रजांचा साप गवतात लपतो. आपला लबाड मात्र असा, की जमिनीखाली साप हलला तरी त्याला कळतं. ते सापाला घाबरतात आणि आपण सापाहून हुशार माणसाला. आणि कोरड्या मनाच्या माणसाला ते काय म्हणतात माहितीये? थंड मासा!"

"आपल्याकडे मासाच कुठाय, ओपा? म्हणून आपण दगडी काळजाचा म्हणतो."

"बरोबर! हे लिहून घेऊ का?"

"घ्या की. माझं नाव घाला खाली."

घातलं त्यांनी. ते मी फार नंतर पाहिलं.

एक्याण्णव सालच्या वसंतात मी त्यांच्याकडून एक जाड शब्दकोश मागून आणला. पानं उलटताना त्यातून एक कार्ड पडलं. त्यावर ओपांच्या बारीक अक्षरात होतं: 'पोटात काळी. म्हणजे मनात जळणारी, वाईट चिंतणारी. खोसियत खोला, आपल्या तोशलोकच्या विहिणीबद्दल. तंदूरपाशी, चौदा मार्च.'

खोसियत खोला म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारी वयस्क बाई, सगळ्यांची मावशी. तिची धाकटी मुलगी मुअत्तर सहा महिन्यांपूर्वीच तोशलोकला दिली होती. विहिणीविहिणींचं कुठं जमतं? मला ते कार्ड वाचून हसू आलं, बाकी काही मनात आलं नाही. कार्ड मी पिशवीत टाकलं.

आमच्याकडे बायकांच्या महिन्याच्या जमण्याला 'गप' म्हणतात. गप बसायला मात्र तिथं कुणीच येत नाही. त्या महिन्याची गप माझ्या मावसबहिणीकडे होती. चहाचे प्याले फिरले, सोमसे संपले, आणि मी पिशवीतून कार्ड काढून मास्तरणीच्या आवाजात वाचून दाखवलं. तारखेसकट. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. एक बाई हसली नाही. ती तोशलोकची होती, हे मला घरी येताना कळलं.

चौथ्या दिवशी मुअत्तरला गाद्या-रजयांसकट माहेरी आणून सोडलं. "आमच्या पोटातला काळोख तुमच्या मुलीला नको," एवढं म्हणून सासरे गाडीत बसले.

आणि पाचव्या दिवशी खोसियत खोला मस्तुरा ओपांच्या फाटकाशी उभी राहिली. दुपारची वेळ, गल्लीतली सगळी फाटकं उघडी.

"बाहेर ये गं, पंडितीण! तंदूरपाशी माझ्या शेजारी बसून माझी नान खायचीस, आणि माझी जीभ कापून पेटीत ठेवायचीस? स्वतःचा संसार जमला नाही म्हणून माझ्या पोरीचा मोडलास?"

ओपा फाटकात आल्या. ओले हात तसेच.

"खोला, मी ते कुणाला दाखवलं नव्हतं."

"मग कार्डाला पाय फुटले?"

ओपांनी गल्लीत एकदा नजर फिरवली. मी माझ्या फाटकाशी उभी होते. त्यांची नजर माझ्यावर आली आणि पुढे गेली.

"चूक माझीच," त्या म्हणाल्या. "नाव लिहायला नको होतं."

"थू तुझ्या लिहिण्यावर! मेल्या माणसाची चादर ओढणारी तू!" खोला आणखी बरंच बोलली. ओपा ऐकत उभ्या राहिल्या. शेवटी खोलाच दमली आणि रडत घरी गेली.

मी पुढे झाले नाही. माझ्या सासूबाई मागे उभ्या होत्या आणि कडेवर पोर होतं. ही कारणं मी पुढे बारा वर्षं स्वतःला सांगत राहिले.

मुअत्तर सात महिने माहेरी होती. अखेर दोन्हीकडच्या पांढऱ्या दाढ्यांनी मध्यस्थी केली, समेटाची नान मोडली, आणि ती सासरी गेली. तिचं मिटलं, ओपांचं नाही. त्यांना कुणी घालूनपाडून बोललं असतं तर ते तरी बरं होतं. त्या तंदूरपाशी आल्या की बोलणं हवेवर आणि पिठावर यायचं. "आज वारा आहे नाही?" "हो, आहे." लग्नांची आमंत्रणं थांबली. गपेतून नाव गेलं. कुणी एकीनं मुलाला दटावलेलं मी ऐकलं, "हळू बोल, भिंतीपलीकडे लिहिणारी आहे."

ओपा मग तंदूरपाशी यायच्या थांबल्या. नान विकत आणू लागल्या. मार्गिलानात बाईनं नान विकत आणणं म्हणजे काय, ते मार्गिलानच्या बायकांनाच कळेल.

त्याच वर्षी सोव्हिएत संघ मोडला आणि देश बदलला. ताश्कंदचे मार्गदर्शक मुलाकडे परदेशी निघून गेले, कागद मिळेनासा झाला, शाळेत पगार उशिरा होऊ लागले. ओपांची खोकी कपाटावर चढली. मात्र शाळेत त्या चोख शिकवायच्या, आणि घरी आल्यावर, भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, त्या एकट्याच इंग्रजीत बोलायच्या. प्रश्न विचारायच्या आणि दुसऱ्या आवाजात उत्तर द्यायच्या.

सत्त्याण्णवला इंग्लंडहून एक शिक्षिका दोन दिवस शाळेत आली. ओपांनी ठेवणीतला रेशमी अतलसचा झगा घातला. इतकी वर्षं शिकवलेली भाषा जन्मानं बोलणारं माणूस त्या पहिल्यांदा पाहत होत्या. त्यांनी एक एक वाक्प्रचार तिच्यापुढे ठेवला. ती तरुण बाई बऱ्याच वेळा मान हलवायची, हे आता कुणी म्हणत नाही. शेवटी ओपांनी विचारलं, गव्हाणीत बसून स्वतः गवत न खाणारा आणि गायीलाही न खाऊ देणारा कुत्रा? ती खळखळून हसली. "माझे आजोबा म्हणतात हे, शेजाऱ्याला!"

त्या संध्याकाळी ओपांनी भिंतीवरून मला हाक मारली. कितीतरी वर्षांनी. "सनोबर! कुणीतरी म्हणतं गं अजून! तिचे आजोबा म्हणतात!" मी हो हो म्हटलं. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी खोकी कपाटावरून खाली आली. कार्डांवरची नावं, मी स्वतःहून दिलेलं माझं एक सोडून, त्यांनी शाईनं एकेक करून खोडली. सहा वर्षं लागली, पण दोन हजार तीनच्या शरदात ताश्कंदला त्यांनी प्रबंध मांडला आणि पदवी मिळवली.

आमच्यात पदवीचा पलोव, म्हणजे पुलावाचं जेवण, घालायचा असतो. ओपांनी घातला. अंगणातल्या द्राक्षवेलीखाली चाळीस माणसांची बैठक मांडली, मोहल्ल्यातल्या आचाऱ्याला बोलावलं, शाळेत प्रत्येकाला आणि गल्लीत प्रत्येक फाटकाशी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. बाराला माणसं यायची होती. बाराला मी आणि माझा नवरा होतो. साडेबाराला मुख्याध्यापक आले, उभ्या उभ्या चार घास घेऊन, सभा आहे म्हणून गेले. मग शाळेचा म्हातारा पहारेकरी आला. तो पोटभर जेवला, दुवा देऊन गेला. एक वाजला. दोन वाजले. आचाऱ्यानं कढईवरचं झाकण काढलं, बघितलं, परत ठेवलं.

"ओपाजान, भात गोळा होईल," तो हळूच म्हणाला.

ओपा उठल्या. "सनोबर, ताटं घे. माणसं येत नसतील तर अन्नानं जावं."

आम्ही दोघी ताटं घेऊन घरोघर गेलो. दारात आलेलं अन्न आमच्यात कुणी परतवत नाही. दोन्ही हातांनी ताट घेतलं जायचं, आभाराचं "रहमत" म्हटलं जायचं, फाटक लागायचं. खोसियत खोलाच्या फाटकाशी ओपा क्षणभर थांबल्या, मग त्यांनीच कडी वाजवली. सुनेनं ताट घेतलं. आतून खोलाचा खोकण्याचा आवाज आला, तेवढाच.

परत आल्यावर मी रिकाम्या बैठकीवर बसले आणि मला रडू फुटलं.

"ओपा, ते कार्ड मी वाचलं होतं. गपेत. मीच."

"ठाऊक आहे," त्या चहा ओतत म्हणाल्या. "कुठलं कार्ड कुठल्या पुस्तकात राहिलं, एवढं कळतं मला."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"बोलून काय? एक फाटक बंद झालंच होतं, दुसरं कशाला करायचं. तुझी पोरं लहान होती." त्यांनी प्याला माझ्यापुढे सरकवला. "रागावले होते मात्र. सहा वर्षं बोलले नाही तुझ्याशी. तुला कळलंही नसेल, कारण मी तशीही कुणाशी बोलत नव्हते."

मला हसावं की रडावं कळेना. "तुमच्या खोक्यात माझ्यासारखीला काय म्हणतात?"

"सैल तोंडाची," त्या लगेच म्हणाल्या. "दोनशे अकरा नंबर. इंग्रजांकडेही आहे. चहा पी."

ताटं पुढच्या आठवड्यात परत आली. रिकामं ताट आमच्यात परत करत नाहीत, म्हणून कुणी अक्रोड घातले होते, कुणी बेदाणे, कुणी सफरचंदं. पण सगळी ताटं फाटकाच्या कडीला पिशवीत अडकवून ठेवलेली सापडली. हातात द्यायला कुणी आलं नाही. ओपा महिनाभर अक्रोड खात होत्या.

त्यानंतर मी दर गुरुवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. वाटलं होतं, आता त्यांचं एकटेपण संपेल. तसं झालं नाही. अर्ध्या तासानं त्या अस्वस्थ व्हायच्या, प्याले गोळा करू लागायच्या. "जा आता. मला बोलायची सवय राहिली नाही, घसा दुखतो."

दोन हजार नऊमध्ये खोसियत खोला वारली. समाचाराला ओपा जातील असं मला वाटलं नव्हतं. त्या गेल्या. दुखवट्याच्या निळ्या पोशाखातली मुअत्तर दाराशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून रडत होती. ओपांच्याही गळ्यात पडली. बराच वेळ. परतताना ओपा वाटेत थांबल्या आणि म्हणाल्या, "अठरा वर्षांत मला कुणी मिठी मारली नव्हती. रडताना कुठं दिसतं म्हणा. तिनं ओळखलं नसेल."

मी पुढे मुअत्तरला विचारलं. ती म्हणाली, "ओळखलं की. हातालाच कळलं, नुसती हाडं उरलीत त्यांची."

मी ते ओपांना सांगितलं. त्या उठल्या. वांग्याच्या वाफ्याला पाणी सोडलं आणि वाफा भरून वाहायला लागला तरी नळी धरून उभ्याच राहिल्या.

आता त्या त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत. कुणाकडे जात नाहीत, माझ्याकडेही नाही. परवाच्या गुरुवारी मात्र त्यांनी मला तासभर बसवून घेतलं. बाजारात मुअत्तर भेटली होती.

"आधी ती म्हणाली, सलाम ओपा, तब्येत बरी ना? मी म्हटलं, बरी आहे, तुझी? मग ती म्हणाली, गाजरं किती महाग झालीत बघा. पिवळी गाजरं होती तिच्याकडे, जाडजाड. मी म्हटलं, पलीकडच्या रांगेत स्वस्त आहेत. तर ती म्हणाली, हो का? आणि गेली त्या रांगेकडे." ओपा थांबल्या. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.