काय लुटताय?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या सुनंदाताईंनी सहज विचारलं, "यंदा काय लुटताय?"

"चहाच्या गाळण्या," मी म्हटलं आणि चरकले. मागच्याच आठवड्यात मोटारसायकलवरच्या दोघांनी गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मंगळसूत्र हिसकावलं होतं. "लुटलं हो मला!" असं त्या ओरडल्या होत्या. शब्द तोच. मूळ संस्कृत ‘लुण्ठ्’, म्हणजे बळानं ओरबाडून नेणं. मग आम्हा बायकांच्या तोंडी त्याचा अर्थ वाण वाटणं कसा झाला? कुणी ओरबाडायच्या आत आपणच देऊन मोकळं व्हावं, या धास्तीनं तर नव्हे?

कुंकू लावायला मी हात पुढे केला. ताई दचकून मागे सरल्या. गळ्यात नुसती काळी पोत होती. तीच त्यांनी मुठीत घट्ट धरली होती.